सर्च रिपोर्टमधली न मिळालेली वर्षं

‘मॅडम, मी मूळची साताऱ्याची. मुंबईत फोर्टमधल्या एका फर्ममध्ये आर्टिकलशिप करते आणि सॉलिसिटरच्या परीक्षेची तयारी करते. मला कन्व्हेयन्सिंगला, म्हणजे मालमत्तेच्या खरेदी-विक्रीच्या कागदांना, बसवलंय. आमचे क्लायंट दोघे भाऊ, ट्रान्सपोर्टचा धंदा करतात. बँकेचं कर्ज काढून भिवंडीजवळ गोदामासकट बिनशेती जमीन घेतायत आणि गोदाम लगेच एका कंपनीला भाड्याने देणार आहेत. टायटल रिपोर्टचा, म्हणजे जमिनीची मालकी तपासून दिलेल्या अहवालाचा, मसुदा मी केला. निबंधकाकडे जुने दस्त शोधणाऱ्या सर्च क्लार्कच्या टिपणात होतं की १९९५ ते १९९९ मधली इंडेक्सची (नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीची) काही पुस्तकं फाटलेली आहेत, काही बांधणीला गेली आहेत. मी ते रिपोर्टात घेतलं. सीनियरांनी त्या ओळीवर रेघ मारली. म्हणाले, “तीस वर्षांचा सर्च घेतला, बोजा आढळला नाही, एवढंच लिही. असलं काही वाचलं की बँक उगाच अडून बसते.” सातबारा तसा स्वच्छ आहे. विकणाऱ्यांचे वडील १९९६ मध्ये वारले, वारसाच्या फेरफाराने दोन मुलग्यांची नावं लागली, तीन बहिणींनी हक्क सोडल्याचं त्यात लिहिलंय. भाड्याच्या कागदाबद्दल क्लायंट म्हणतात, अकरा महिन्यांचा साधा करार करा, नोंदणी नको. सीनियरांनी जुना मसुदा दिला आणि नावं बदलायला सांगितली. माझ्या मैत्रिणी हायकोर्टात उभ्या राहतायत, मी मात्र दिवसभर कागद चाळते. लिटिगेशनला जाऊ का? आणि त्या रेघ मारलेल्या ओळीचं काय करू?’

ती ओळ परत घाल. बाकीचं सावकाश बोलू, पण रिपोर्ट ऑफिसबाहेर पडायच्या आत ती ओळ जागेवर गेली पाहिजे.

का ते सांगते. तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींपासून लांब पडल्या आहेत. इंडेक्सची पुस्तकं मिळाली नाहीत ती १९९५ ते १९९९ ची. वडील गेले १९९६ मध्ये, आणि बहिणींचा हक्क सुटला तोही त्याच सुमारास. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाच. सातबारा स्वच्छ आहे असं मग तुला म्हणवणार नाही.

वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे मुली पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. त्यासाठी, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीपर्यंत जावंच लागत नाही. जमीन वडिलोपार्जित निघाली तर मात्र महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती, केंद्राची २००५ ची आणि विनीता शर्मा प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल हे तिन्ही वाचून वाटे मोजावे लागतील. आणखी एक. त्या वेळी आई हयात होती का? विधवाही पहिल्या वर्गाचीच वारस. तिचा उल्लेख तुझ्या पत्रात नाही, तो फेरफारातही नसेल तर हा वेगळा प्रश्न उभा राहतो.

आता बहिणींनी हक्क सोडला, तो कोणत्या कागदाने? हक्कसोडपत्र केलं असेल तर नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ खाली त्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि तशी नोंदणी झाली असेल तर तिची नोंद नेमकी त्या न मिळालेल्या पुस्तकांत असणार. नोंदवलेला दस्तच नसेल, तर तलाठ्यापुढे दिलेल्या जबाबावर किंवा साध्या अर्जावर नावं गाळली गेली असतील. आपल्याकडे असे फेरफार ढिगाने झाले. भावाने सांगायचं, ‘सही कर, सरकारी काम आहे,’ आणि बहिणीने माहेर तुटू नये म्हणून सही करायची. कुटुंबातली खरीखुरी तोंडी वाटणी न्यायालय मानू शकतं, पण फेरफाराने मालकी ना मिळते ना जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितलं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ अधिकार अभिलेखातली नोंद खरी धरतं, ते विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. ‘भाऊ इतकी वर्षं कसतायत’ हेही उत्तर पुरत नाही. एका सहमालकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने असलेला ताबा धरतात. दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारून त्याला बाहेर ठेवलं होतं, हे सिद्ध केल्याशिवाय ‘दाव्याची मुदत टळली’ हा बचाव चालत नाही.

म्हणजे ज्या पाच वर्षांचा हिशेब लागत नाही, त्याच पाच वर्षांत या जमिनीच्या मालकीतला सगळ्यात नाजूक सांधा आहे. सीनियरांना ती ओळ किरकोळ वाटली, कारण ती सर्चच्या परिच्छेदात होती आणि फेरफार दुसऱ्या पानावर होता.

तीस वर्षंच का बघायची, हे तुला कुणी सांगितलंय का? मुदत कायदा, १९६३ मध्ये गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला तीस वर्षं आहेत, आणि सरकारला दावा लावायलाही तीस वर्षं. त्याआधीचे बहुतेक दावे मुदतीबाहेर जाऊन मेलेले असतात, म्हणून ही प्रथा पडली. हा आकडा नुसताच घोकला तर मधली पाच वर्षं गळाली तरी चालतील असं वाटू लागतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ३ उघड. नोंदवलेल्या दस्ताची खरेदीदाराला जाणीव होती असं कायदा धरून चालतो. पुस्तक फाटलं होतं म्हणून खरेदीदाराची सुटका होते, असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. फाटलेल्या पानाची जोखीम तुमच्या त्या दोन भावांच्या डोक्यावर आहे. ती त्यांना कळलीच पाहिजे, कारण कर्ज त्यांच्या नावावर चढणार आहे.

ती ओळ घालून मात्र थांबू नकोस. नुसती त्रुटी दाखवणारा रिपोर्ट म्हणजे हात झटकणं. मी तुझ्या जागी असते तर पहिल्यांदा तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफाराच्या जोडकागदांची नक्कल मागितली असती: वर्दी (नोंदीसाठी तलाठ्याला दिलेली खबर), जबाब, नोटिसा बजावल्याच्या पोचपावत्या. त्यात हक्कसोडपत्राचा दस्त क्रमांक सापडला तर दुय्यम निबंधकाकडे त्या क्रमांकावरून थेट दस्ताची नक्कल मागता येते, इंडेक्सवाचून अडत नाही. बांधणीला गेलेली पुस्तकं परत आली का, हे पुन्हा एकदा जाऊन बघायला हवं, आणि तो शोध घेतल्याची पावती फाइलला लावायला हवी. १९९९ नंतरच्या नोंदवलेल्या दस्तांची पूर्वपीठिका बारकाईने वाच. मागच्या दस्तांचे क्रमांक तिथे बऱ्याचदा दिलेले असतात. विकणाऱ्यांकडचे मूळ दस्त डोळ्यांनी बघ, झेरॉक्सवर भागवू नकोस. कागद ठेवून केलेलं जुनं गहाण सर्चमध्ये दिसेलच असं नाही. महाराष्ट्रात त्याची सूचना निबंधकाकडे दाखल करण्याची सक्ती २०१३ पासूनची आहे. त्याआधीच्या काळासाठी मूळ दस्त हातात असणं हाच मोठा पुरावा.

कोर्टाचा सर्चही सोडू नकोस. दावा चालू असताना जमीन घेणारा त्या निकालाला बांधलेला असतो, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ आपण सगळेच शिकतो. मात्र १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे आपल्याकडे त्यासाठी दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवलेली असावी लागते. ती नोटीस कुठे सापडली असती? त्याच इंडेक्समध्ये. १९९८ मध्ये एखाद्या बहिणीने वाटपाचा दावा लावून नोटीस नोंदवली असेल आणि तो दावा अपिलात अजून चालू असेल, हे आपल्याकडे अशक्य नाही.

जाहीर नोटीस तर तुम्ही देणारच. ती कोणत्या वर्तमानपत्रात देताय, ते बघ. जमीन भिवंडीची म्हणून ठाण्याच्या पेपरात नोटीस द्यायची आणि बहिणी दिलेल्या नाशिकला नाहीतर जळगावला, अशाने फाइलमधला रकाना भरतो, माहिती कुणालाच पोचत नाही.

या सगळ्यावरचा खरा उपाय साधा आहे. खरेदीखतात तिन्ही बहिणींना, आणि आईला असल्यास तिलाही, मान्यता देणाऱ्या पक्षकार म्हणून घ्या. कुणी वारली असेल तर तिच्या वारसांना घ्या. त्यांनी दुय्यम निबंधकासमोर येऊन सही केली, आपला काही हक्क असलाच तर तो आपण या खताने खरेदीदाराला देतो असं लिहून दिलं, की १९९६ मध्ये काय झालं होतं हा प्रश्नच मागे पडतो. त्या यायला तयार नसतील, तर जमीन घ्यायच्या आधी तुमच्या क्लायंटला कळावी अशी याहून मोलाची माहिती नाही. विकणाऱ्यांच्या नुकसानभरपाईच्या हमीपत्रावर भागवू असं कुणी सुचवेल. हमीपत्र हवंच, पण पैसे घेऊन ते खर्चून बसलेल्या माणसाची हमी दहा वर्षांनी किती वसूल होते, हे तुझ्या हायकोर्टातल्या मैत्रिणींना विचार.

आता सीनियरांशी कसं बोलायचं. ‘हे चूक आहे’ असं म्हणत केबिनमध्ये शिरू नकोस. त्यांना घाई आहे आणि बँकेची भीती आहे, दोन्ही खऱ्या आहेत. एका पानाचं टिपण घेऊन जा. त्यात न मिळालेली वर्षं, १९९६ चा फेरफार, दोन्ही एकत्र आल्यावर निघणारा प्रश्न, आणि बहिणींच्या सह्यांचा उपाय असू दे. मसुदाही सोबत ने: ‘सन १९९५ ते १९९९ या कालावधीतील सूची क्रमांक २ ची काही पुस्तके फाटलेली व काही बांधणीसाठी गेलेली असल्याने उपलब्ध झाली नाहीत. सबब त्या कालावधीपुरता शोध अपूर्ण आहे. खालील अटी पूर्ण होण्याच्या अधीन राहून मालकी निर्वेध व विक्रीयोग्य आहे.’ बँकेच्या विधी खात्याला असली ओळ नवी नाही. तिच्यासोबत उपायाची अट आलेली दिसली की ते त्या अटीची पूर्तता मागतात आणि पुढे जातात. नंतर सापडलेली त्रुटी मात्र त्यांना चालत नाही.

सीनियर तरीही नाही म्हणाले तर ते टिपण तारीख घालून ई-मेलने त्यांना पाठव आणि ज्या भागीदाराच्या सहीने रिपोर्ट जाणार आहे त्याच्यापर्यंत ते पोचेल असं बघ. यात आगाऊपणा नाही. ज्याची सही होणार आहे त्याला आपण कशावर सही करतोय हे कळण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सीबीआय विरुद्ध के. नारायण राव या प्रकरणात, बँकेसाठी मालकीचा अभिप्राय देणाऱ्या वकिलावरचा फौजदारी खटला रद्दच राहील असा निकाल दिला. अभिप्राय चुकला म्हणून वकील कटात सामील ठरत नाही, निष्काळजीपणाचं उत्तर त्याला दुसरीकडे द्यावं लागेल, असं त्याचं सार आहे. आपल्या व्यवसायाला त्या निकालाने मोठं संरक्षण दिलं. हे संरक्षण प्रामाणिक चुकीला आहे. समोर असलेली माहिती जाणूनबुजून गाळून ‘पूर्ण सर्च घेतला’ असं लिहिणं प्रामाणिक चुकीत बसत नाही.

भाड्याच्या कागदाकडे वळते. तिथेही तुला नावं बदलण्यापेक्षा खूप जास्त काम आहे.

अकरा महिन्यांची पद्धत कुठून आली? वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०७ आणि नोंदणी कायद्याचं कलम १७ सांगतात, म्हणून लोकांनी वर्षाच्या आत एक महिना कमी करून नोंदणी चुकवली. महाराष्ट्रात ही पळवाट महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने बंद केली. तो कायदा जिथे लागू आहे तिथे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदवलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. क्लायंटला हे समोर बसवून सांग. नोंदणीचा खर्च वाचवताना आपण भाडं, मुदत, डिपॉझिट यांबद्दलची आपली बाजूच दुबळी करतोय, हे धंदा करणाऱ्याला लगेच कळतं.

पण हा कायदा तुझ्या गोदामाला लागू आहे का? जागा कायद्याच्या अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रात येते का ते बघ. भिवंडीची पुष्कळ गोदामं शहराबाहेर ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत. मग कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल विचार. ते एक कोटी किंवा जास्त असेल तर कलम ३ मुळे हा कायदा तिला लागूच नाही, आणि सगळा भार १८८२ च्या कायद्यावर आणि तुझ्या मसुद्यावर येतो. या दोन उत्तरांशिवाय लेखणी उचलू नकोस.

तुला दिलेला जुना मसुदा बहुधा एखाद्या फ्लॅटचा असणार. त्यात ‘मुदत संपल्यावर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा घेता येईल’ असं असेल तर ते काढ. भाडे नियंत्रण कायद्यातला तो झटपट मार्ग राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरता आहे, गोदामाला नाही. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा अंगाला कसाही बसवता येतो, फक्त कुठे उसवेल ते आधी कळत नाही. शिवाय वर ‘लायसन्स’ लिहून आत पूर्ण ताबा, किल्ल्या आणि कुलपं कंपनीकडे दिली, तर न्यायालय मथळ्याकडे बघत नाही, पक्षकारांचा खरा हेतू आणि ताब्याचं स्वरूप बघतं. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर, १९५९, हा निकाल मुळातून वाच.

मसुदा शिकायची माझी पद्धत सांगते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ शेजारी उघडं ठेव. त्याच्या सुरुवातीलाच आहे की करार किंवा स्थानिक रिवाज वेगळा नसेल तर पुढचे नियम लागू. म्हणजे तू जे लिहिणार नाहीस ते हे कलम लिहून टाकणार आहे. उदाहरणार्थ, आग, वादळ किंवा पुराने जागेचा महत्त्वाचा भाग कायमचा निकामी झाला, तर भाडेकरूच्या मर्जीनुसार पट्टा रद्द होऊ शकतो. मर्जी त्याची आहे, मालकाची नाही. इमारत गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात स्पष्ट केलं. गोदामाच्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. विमा कुणाचा, गोदाम पुन्हा कोण बांधणार, तोवर भाड्याचं काय, किती महिन्यांत बांधलं नाही तर कोण बाहेर पडू शकतो, हे तुला शब्दाशब्दाने लिहावं लागेल. पोटभाडेकरू, दुरुस्ती, मालमत्ता कर, मुदतीनंतर भाडं स्वीकारलं तर कलम ११६ खाली होणारी मुदतवाढ, सगळं याच रीतीने: आधी कायदा न सांगता काय देतो ते बघ, मग क्लायंटला काय हवंय ते विचार.

मुदतीबद्दलही क्लायंटला विचारायला हवं. रॅक, डॉक, लाइट यांवर पैसे घालणारी कंपनी अकरा महिन्यांवर थांबणार आहे का? साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक हलका आहे. त्यापुढे गेलं की भाडेपट्ट्याचा दर लागतो, आणि भाडेपट्ट्यात नूतनीकरणाची मुदत लिहिलेली असेल तर तीही मोजली जाते. आणि कर्ज! गहाण ठेवणाऱ्याने इमारत भाड्याने देण्याच्या अधिकारावर त्याच कायद्याच्या कलम ६५अ च्या मर्यादा आहेत, तीन वर्षांची मुदत ही त्यातली एक, आणि बँकेच्या गहाणखतात लेखी संमतीची अट जवळपास नेहमीच असते. खरेदी, गहाण आणि भाडं हे तीन कागद तुझ्या टेबलावर एकाच वेळी आहेत. ते एकमेकांशी जुळतात का, हे बघणारी त्या ऑफिसात बहुधा तू एकटीच आहेस.

लिटिगेशनचं म्हणशील, तर ही फाइल ताब्यापर्यंत नेल्याशिवाय जाऊ नकोस. अॅटर्नी (सॉलिसिटर) हा वेगळा वर्ग १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यातून गेला, तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा अजून चालू आहे. तुझ्या मैत्रिणी आज ज्या जमिनींच्या दाव्यांत तारखा घेतायत, त्यातल्या कित्येक दाव्यांचं मूळ अशाच एखाद्या गाळलेल्या ओळीत आहे. कोर्टात जायचंच असेल तर परीक्षेनंतर जा. तेव्हा फेरफार वाचता येणारी वकील म्हणून जाशील आणि त्याचा फरक तुला पहिल्याच उलटतपासणीत दिसेल.

या आठवड्यात एवढं कर: फेरफाराच्या जोडकागदांचा अर्ज टाक, कंपनीचं भागभांडवल आणि ग्रामपंचायतीची हद्द तपास, सीनियरांसाठीचं टिपण लिही, आणि विकणाऱ्यांच्या वकिलांना पत्र पाठवून तिन्ही बहिणींची पूर्ण नावं, सध्याचे पत्ते आणि आई हयात आहे का, ते लेखी मागव.